राखीव यंत्रणा एकाच वेळी निकामी का होतात? सामाईक कारणांचा शोध

देवनहळ्ळी (बेंगळुरू) : प्रवासी विमानाला किमान दोन इंजिने असतात, अणुवीज केंद्रात एकाहून अधिक डिझेल जनित्रे असतात आणि महानगराला वीज पुरवणाऱ्या वाहिन्याही अनेक असतात. एक बंद पडली तर दुसरी काम सांभाळेल, हा त्यामागील हिशेब. मात्र दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने एकाच वेळी बंद पडणार नसतील, तरच तो बरोबर ठरतो. गेल्या अर्धशतकातील अनेक गंभीर दुर्घटनांच्या चौकशीत नेमकी ही अट मोडल्याचे आढळले आहे. अभियांत्रिकीच्या परिभाषेत या प्रकाराला ‘सामाईक कारणाने होणारा बिघाड’ म्हणतात. देवनहळ्ळी येथील केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर ९ जानेवारी २०२२ रोजी घडलेली घटना हे त्याचे अलीकडचे भारतीय उदाहरण आहे. तेथे कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. एक निरोप पोहोचला नव्हता.

देवनहळ्ळीच्या आकाशातील प्रसंग

देवनहळ्ळीचा विमानतळ २४ मे २००८ रोजी सुरू झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये तेथील दुसरी, दक्षिणेकडील धावपट्टी वापरात आली. समांतर धावपट्ट्यांमुळे विमानतळाची क्षमता वाढते, पण दोन्हींवरील वाहतुकीचा मेळ सतत घालावा लागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच डीजीसीएच्या, प्राथमिक अहवालानुसार त्या सकाळी उत्तर धावपट्टी उड्डाणांसाठी आणि दक्षिण धावपट्टी विमाने उतरवण्यासाठी वापरली जात होती. त्यानंतर पाळीप्रमुखाने केवळ उत्तर धावपट्टीवरूनच सर्व वाहतूक हाताळण्याचा निर्णय घेतला. दक्षिण धावपट्टी बंद झाली. मात्र दक्षिण टॉवरवरील नियंत्रकाला ते कळवले गेले नाही.

दक्षिण टॉवरच्या नियंत्रकाने इंडिगोच्या कोलकात्याला निघालेल्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली. त्याच सुमारास उत्तर टॉवरच्या नियंत्रकाने त्याच कंपनीच्या भुवनेश्वरला जाणाऱ्या विमानाला परवानगी दिली. दोन्ही टॉवरमध्ये समन्वय झाला नाही. दोन्ही विमाने एकाच दिशेने आकाशात झेपावली आणि त्यांचे मार्ग एकमेकांकडे सरकू लागले. दोन्ही विमानांत मिळून चारशेहून अधिक लोक होते. ॲप्रोच रडारवरील नियंत्रकाच्या हे लक्षात आले. त्याने दोन्ही वैमानिकांना परस्परांपासून दूर नेणाऱ्या दिशा दिल्या आणि टक्कर टळली.

या घटनेत सुरक्षेचे अनेक थर होते : दोन स्वतंत्र नियंत्रक, त्यांच्यावर देखरेख करणारा पाळीप्रमुख, टॉवरमधील परस्पर समन्वयाची पद्धत आणि प्रत्येक विमानातील दोन वैमानिक. कागदावर हे थर वेगवेगळे दिसतात. प्रत्यक्षात ते सारे एकाच माहितीवर उभे होते : या क्षणी कोणती धावपट्टी कशासाठी वापरात आहे? ही माहिती अर्धवट पोहोचताच सगळे थर एकदम पोकळ झाले. दक्षिणेच्या नियंत्रकाच्या दृष्टीने त्याची परवानगी योग्य होती, उत्तरेच्या नियंत्रकाच्या दृष्टीने त्याचीही. आणि वैमानिकांच्या हाती टॉवरने दिलेली रीतसर परवानगी होती.

टक्कर टाळणारा थर मात्र त्या निरोपावर अवलंबून नव्हता. रडारच्या पडद्यावर विमानांची प्रत्यक्ष जागा आणि दिशा दिसत होती. धावपट्टीच्या वापराबाबत जमिनीवर काय ठरले आणि काय कळवायचे राहिले, याचा त्या चित्रावर परिणाम होत नव्हता. राखीव व्यवस्थेची खरी ताकद तिच्या थरांच्या संख्येत शोधावी की थरांच्या परस्पर वेगळेपणात, या प्रश्नाचे उत्तर त्या सकाळच्या काही क्षणांत मिळाले.

गणित कोठे चुकते?

समजा, एखादी सुरक्षा यंत्रणा गरजेच्या वेळी हजारात एकदा निकामी ठरते. तशाच दोन यंत्रणा लावल्या आणि त्या खरोखर परस्परस्वतंत्र असल्या, तर दोन्ही एकाच वेळी निकामी होण्याची शक्यता दहा लाखांत एक. तिसरी जोडली, तर शंभर कोटींत एक. कागदावरील हे आकडे कमालीचे आश्वासक असतात.

आता असे गृहीत धरू, की या बिघाडांपैकी दहा टक्के बिघाडांचे कारण सर्व यंत्रणांना समान आहे. एकाच पुरवठादाराचा सदोष भाग, एकाच खोलीत शिरलेले पाणी किंवा एकाच तंत्रज्ञाची एकसारखी चूक. अशा वेळी सगळ्या यंत्रणा एकदम निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी होते. दोन यंत्रणांच्या मूळ हिशेबापेक्षा धोका शंभरपट वाढतो. शिवाय तिसरी, चौथी किंवा पाचवी यंत्रणा जोडूनही तो दहा हजारांत एक याच्या खाली फारसा उतरत नाही, कारण सामाईक कारण नव्या यंत्रणेलाही आपल्यासोबत नेते. यंत्रणा वाढवण्यावरचा खर्च एका मर्यादेनंतर वाया जातो, तो यामुळे.

एकूण बिघाडांतील सामाईक बिघाडांचा हा वाटा ‘बीटा घटक’ म्हणून ओळखला जातो. १९७० च्या दशकात अमेरिकेतील अणुऊर्जा क्षेत्रात ही पद्धत रूढ झाली आणि पुढे औद्योगिक सुरक्षा यंत्रणांसाठीच्या आयईसी ६१५०८ या आंतरराष्ट्रीय मानकातही तिला स्थान मिळाले. यंत्रणांमधील अंतर, रचनेतील फरक, देखभालीची पद्धत, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांसारख्या बाबींची तपासणी करून हा घटक ठरवला जातो. नेमका आकडा वादाचा विषय होऊ शकतो. तो शून्य धरणे मात्र कोणत्याही प्रकल्पाला परवडत नाही.

सामाईक जागा : नरोरा आणि फुकुशिमा

सर्वांत सहज दिसणारे आणि तरीही वारंवार दुर्लक्षिले जाणारे सामाईक कारण म्हणजे जागा. उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे पहिल्या एककाच्या टर्बाइनची पाती तुटली. तीव्र कंपनांमुळे जनित्रातील हायड्रोजन वायू बाहेर पडून पेटला आणि तेलानेही पेट घेतला. अणुभट्टी बंद करण्यात आली. परंतु आग विद्युत तारांच्या मार्गाने पसरली. मुख्य आणि राखीव वीजपुरवठ्याच्या तारा पुरेशा अंतराविना व अग्निरोधक अडथळ्यांविना टाकलेल्या असल्याने दोन्ही व्यवस्था त्याच आगीत सापडल्या. सुमारे १७ तास एककाला वीज नव्हती. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी पुरवून भट्टीतील उष्णता काढण्यात आली. किरणोत्सर्गाची हानी टळली, मात्र आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर या घटनेची नोंद तिसऱ्या पातळीची गंभीर घटना म्हणून झाली. तारांचे विलगीकरण आणि अग्निरोधक भिंती यांकडे भारतीय अणुवीज केंद्रांनी त्यानंतर विशेष लक्ष दिले.

जपानमधील फुकुशिमा दाइची केंद्रात ११ मार्च २०११ रोजी भूकंपाने बाहेरील वीजपुरवठा तुटला तेव्हा डिझेल जनित्रे ठरल्याप्रमाणे सुरू झाली. पाऊण-एक तासाने त्सुनामीची लाट आली आणि तळघरांत व सखल भागांत बसवलेली जनित्रे पाण्याखाली गेली. काही जनित्रे स्वतः शाबूत राहिली, तरी त्यांची वीज वाटणारे स्विचबोर्ड बुडाल्याने ती निरुपयोगी ठरली. सहाव्या एककाचे एक हवेने थंड होणारे जनित्र मात्र चालू राहिले. ते उंचावर होते, त्याला समुद्राच्या पाण्याची गरज नव्हती आणि त्याची वीजवाटप व्यवस्थाही वाचली होती. त्या एका जनित्राच्या आधाराने पाचवे आणि सहावे एकक सुरक्षितपणे थंड करता आले. पहिल्या तीन एककांतील इंधन वितळले. देवनहळ्ळीतील रडारप्रमाणे येथेही आधार दिला तो इतरांपेक्षा वेगळ्या असलेल्या यंत्रणेने.

आकाशातही हाच नियम लागू होतो. अमेरिकेत १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंखचकती फुटली. विमानाला तीन स्वतंत्र हायड्रॉलिक व्यवस्था होत्या. परंतु तिन्हींच्या नळ्या शेपटीत एकमेकींच्या जवळून जात होत्या आणि उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही निकामी केल्या. वैमानिकांनी केवळ उरलेल्या दोन इंजिनांच्या जोरावर विमान सू सिटीपर्यंत आणले. विमानातील २९६ जणांपैकी ११२ जणांचा मृत्यू झाला.

सामाईक हात आणि सामाईक आज्ञावली

जागा वेगळी असली तरी हात एकच असू शकतात. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन इंजिनांचे विमान मायामीहून नासाऊकडे निघाले होते. एका इंजिनातील तेलाचा दाब घसरल्याने ते बंद करून वैमानिक मागे फिरले. थोड्याच वेळात उरलेली दोन्ही इंजिनेही बंद पडली. एक इंजिन कसेबसे पुन्हा सुरू झाले आणि विमान मायामीत सुखरूप उतरले. चौकशीत आढळले, की तिन्ही इंजिनांमध्ये तेलातील धातुकण टिपणारे भाग बसवताना त्यांच्या रबरी सील-कड्या लावायच्या राहून गेल्या होत्या. काम एकाच रात्री, एकाच पद्धतीने झाले होते. त्यामुळे चूकही तिप्पट झाली. समुद्रावरून दूरवर जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांबाबत एक दक्षता आज सर्वत्र घेतली जाते : दोन्ही इंजिनांवरचे एकाच प्रकारचे काम एकाच तंत्रज्ञाने एकाच वेळी करू नये.

आज्ञावलीच्या बाबतीत हा धोका आणखी सूक्ष्म आहे. यंत्राचा भाग झिजतो. दोन भाग वेगवेगळ्या वेळी झिजतात. आज्ञावली झिजत नाही. तिच्यात चूक असेल तर त्याच परिस्थितीत तिची प्रत्येक प्रत तीच चूक करते. युरोपचे एरियन-५ हे प्रक्षेपक यान ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. यानाची दिशा सांगणाऱ्या दोन यंत्रणा होत्या, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्हींत एरियन-४ साठी लिहिलेली एकच आज्ञावली होती. नव्या यानाच्या वेगाने निर्माण झालेली संख्या तिच्या ठरलेल्या जागेत मावली नाही. राखीव यंत्रणा आधी बंद पडली आणि क्षणार्धात मुख्य यंत्रणाही त्याच कारणाने बंद पडली.

याच कारणाने देवनहळ्ळीसह देशभरातील विमानतळांवर नित्य दिसणाऱ्या एअरबस ए-३२० विमानांच्या रचनेत उड्डाण नियंत्रणाचे संगणक मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारचे ठेवले आहेत. त्यांचे प्रक्रियक वेगळे आहेत आणि आज्ञावल्याही वेगळ्या लिहिल्या आहेत. एका प्रकारातील चूक दुसऱ्यात तशीच असण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. अर्थात, दोन्ही चमूंना दिलेले मूळ तपशीलपत्रकच चुकीचे असेल, तर हा उपाय अपुरा पडतो.

एकाच साच्याची दोन इंजिने

भारतातील विमान प्रवाशांना सामाईक कारणाच्या प्रश्नाची झळ २०१८ पासून थेट बसली. इंडिगो आणि गोएअर यांच्या ए-३२० निओ विमानांतील प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांमध्ये दोष आढळू लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने तातडीचा निर्देश काढून, ठरावीक क्रमांकापुढील दोन्ही इंजिने असलेल्या विमानांच्या उड्डाणांवर बंधन घातले. दोष दोन्ही इंजिनांत सारखाच असेल, तर दुसरे इंजिन हा खरा पर्याय राहत नाही, हा त्यामागील तर्क होता. १२ मार्च २०१८ रोजी डीजीसीएने त्याहून कठोर भूमिका घेत, असे एकही इंजिन असलेली ११ विमाने जमिनीवर ठेवण्याचा आदेश दिला.

पुढे याच इंजिनांच्या कमी दाबाच्या टर्बाइनचा प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस डीजीसीएने ज्या विमानांची दोन्ही इंजिने ठरावीक तासांहून अधिक वापरली गेली होती, त्यांच्यावर किमान एक सुधारित इंजिन बसवण्यास सांगितले. १ नोव्हेंबर रोजी इंडिगोला ९७ विमानांवरील असुधारित इंजिने बदलण्याचे निर्देश देण्यात आले. त्यासाठीची मुदत नंतर वाढवण्यात आली. दोष पूर्ण दूर होईपर्यंत निदान दोन इंजिनांमध्ये फरक तरी असावा, हा ‘किमान एक सुधारित इंजिन’ या अटीचा व्यावहारिक अर्थ होता.

जोडणी : आधार आणि धोका

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील वीजजाळे लागोपाठ कोलमडले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभागांतील सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाला फटका बसला. परस्परांना जोडलेली जाळी संकटात एकमेकांना वीज देतात. परंतु त्याच जोडणीतून बिघाडही पसरतो. कर्नाटकासह दक्षिण भारत त्या दोन दिवसांत सुरक्षित राहिला, कारण दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी तेव्हा एकाच लयीत जोडलेले नव्हते. त्यांच्यातील वीज एकदिश प्रवाहाच्या दुव्यांतून जात होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे देशाच्या जाळ्याशी समकालिक जोडले गेले. देशाला त्याचा मोठा लाभ झाला. त्याचबरोबर जाळे सांभाळण्याची जबाबदारीही वाढली.

मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० रोजी याचा अनुभव घेतला. मुंबई महानगर प्रदेशाला वीज आणणाऱ्या काही वाहिन्या आधीच बंद होत्या. सकाळी दहाच्या सुमारास आणखी एक वाहिनी बंद करावी लागताच तिचा भार उरलेल्यांवर पडला आणि त्याही बंद पडल्या. अशा वेळी शहराला जाळ्यापासून तोडून स्थानिक वीजनिर्मितीवर तगवणारी ‘बेट’ व्यवस्था त्या दिवशी टिकली नाही. लोकलगाड्या थांबल्या आणि रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. वाहिन्या अनेक होत्या. परंतु त्यांचा भार सामाईक होता.

विश्लेषण कसे केले जाते?

सामाईक कारणे शोधण्याची सुरुवात सहसा ‘दोष-वृक्षा’ने होते. अंतिम दुर्घटना वर ठेवून ती घडण्यासाठी काय काय बिघडावे लागेल, हे फांद्यांच्या रूपात खाली मांडले जाते. दोन वेगवेगळ्या फांद्यांच्या टोकाशी एकच वस्तू, तीच बॅटरी, तोच स्विचबोर्ड किंवा तोच निरोप, आढळली की ते धोक्याचे चिन्ह मानले जाते.

आरेखनात हे नेहमीच दिसत नाही. विमान उद्योगात त्यामुळे तीन वेगळ्या तपासण्या केल्या जातात. पहिलीत विमानाच्या प्रत्येक भागात प्रत्यक्ष जाऊन कोणत्या नळ्या व तारा शेजारून जातात हे पाहिले जाते. दुसरीत आग, पक्ष्यांची धडक, टायर फुटणे, इंजिनाचे तुकडे उडणे अशा ठरावीक संकटांचा मार्ग आखून त्यात काय काय सापडेल हे तपासले जाते. तिसरीत एकाच निर्मात्याचे भाग, एकच आज्ञावली, एकच देखभाल पद्धत अशी समान मुळे शोधली जातात.

उपायांची दिशाही यातूनच ठरते : यंत्रणांमध्ये अंतर आणि भिंत ठेवणे, त्यांची तत्त्वे व निर्माते वेगळे ठेवणे, चाचण्या आणि देखभाल वेगवेगळ्या दिवशी व वेगवेगळ्या हातांनी करणे. या प्रत्येक उपायाची किंमत असते. वेगळ्या निर्मात्याचे सुटे भाग वेगळे साठवावे लागतात, कर्मचाऱ्यांना दोनदा प्रशिक्षण द्यावे लागते आणि दोन प्रकारच्या यंत्रणांमुळे गोंधळाची शक्यताही वाढते. त्यामुळे वेगळेपण कोठे अपरिहार्य आहे, हे ठरवणे हाच विश्लेषणाचा गाभा आहे.

माणसांच्या व्यवस्थेत हे काम अधिक कठीण असते, कारण माहिती आणि गृहीतके यांचे आरेखन कोणी काढत नाही. एका अधिकाऱ्याने केलेले काम दुसऱ्याने तपासायचे असते. परंतु दुसराही पहिल्यानेच दिलेला कागद पाहून सही करत असेल, तर ती तपासणी स्वतंत्र राहत नाही. धावपट्टीचा वापर बदलणे, पाळी बदलणे, दुरुस्तीनंतर यंत्र पुन्हा सुरू करणे, अशा बदलाच्या क्षणी हा धोका सर्वाधिक असतो. बदलाचा निरोप मिळाल्याची उलट पोच घेतल्याशिवाय नवी व्यवस्था सुरू न करणे, हा त्यावरील साधा आणि स्वस्त उपाय आहे.

टळलेल्या अपघाताची नोंद

सामाईक कारणाने होणारे बिघाड विरळ असतात. कोणत्याही एका विमानतळाला किंवा वीजकेंद्राला केवळ स्वतःच्या अनुभवातून ते ओळखता येत नाहीत. अणुऊर्जा क्षेत्रातील अनेक देश म्हणूनच १९९० च्या दशकापासून अशा घटनांची माहिती एका सामाईक आंतरराष्ट्रीय प्रकल्पात एकत्र करत आहेत. तेथे अपघातांइतकेच महत्त्व थोडक्यात टळलेल्या घटनांना दिले जाते. अपघातापूर्वी सामाईक कारण उघड होण्याची संधी अशाच घटना देतात.

या कसोटीवर देवनहळ्ळीच्या प्रसंगातील एक बाब टकरीच्या शक्यतेइतकीच गंभीर ठरते. डीजीसीएच्या प्राथमिक अहवालानुसार ही घटना कोणत्याही नोंदवहीत लिहिली गेली नव्हती आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती कळवलीही नव्हती. ती सार्वजनिक झाली ती दहा दिवसांनी. देशातील २०१७ च्या विमान अपघात व घटना तपास नियमांनुसार गंभीर घटना कळवणे बंधनकारक आहे. रडारवरील एका नियंत्रकाच्या दक्षतेने त्या सकाळी चारशेहून अधिक लोकांचे प्राण वाचले. पण नोंदवही कोरीच राहिली असती, तर दुसऱ्या पाळीतील, दुसऱ्या विमानतळावरील नियंत्रकांना त्या न पोहोचलेल्या निरोपाविषयी काहीच कळले नसते.